कुऱ्हाडीचा डाव

आमच्या सपरीतली, म्हणजे पुढच्या ओसरीतली, एकही फरशी दुसरीच्या जोडीची नव्हती. बाबा मिस्त्री. लोकांची घरं बांधून उरलेल्या फरश्या सायकलच्या कॅरियरवरून एकेक करून घरी यायच्या आणि जिथे जागा मिळेल तिथे बसायच्या. त्यातली मधली सगळ्यात मोठी, काळीशार. ती बसवायच्या आधी बाबांनी तिच्यावर छिन्नीनं पंचवीस घरं कोरली होती, पाच आडवी, पाच उभी. चारही बाजूंच्या मधल्या घरात एकेक फुली आणि अगदी मध्यात एक मोठी फुली. माय त्या फरशीवरून झाडू मारताना दरवेळी कुरकुरायची, "देवाच्या कोनाड्यासाठी तीन वरसं मांगं लागली मी, त्यासाठी सवड नाही सापडली या माणसाले. चंगअष्टा बरोबर कोरला." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण पावसाळ्यात संध्याकाळी काम लवकर सुटलं की तेच पहिले जाऊन त्या फरशीजवळ मांडी घालून बसायचे, आणि पाच मिनिटांनी मायसुद्धा पदराला हात पुसत येऊन बसलेली असायची. आमच्या घरातली भांडणंही त्या फरशीवर मिटली आणि काही नवी भांडणं तिथेच सुरू झाली.

खेळ अगदी साधा. चिंचोका एका अंगानं दगडावर घासत राहिलं की वरचं काळं टरफल जातं आणि आतला पांढरा गर उघडा पडतो. असे चार चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चंग, चार घरं. चारही काळे पडले तर अष्टा, एकदम आठ. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, त्या बाहेरून फिरवत फिरवत मधल्या मोठ्या फुलीत न्यायच्या. तिथे शिरताना मात्र दान नेमकं पडावं लागतं. एक घर उरलं असेल तर एकच पाहिजे. दोन पडले तर बसा हात चोळत! या 'एक'साठी माणसं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. पुढे मी सौंसरच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, पण शक्यता म्हणजे काय हे मला त्या फरशीवर आधी कळलं होतं. आणि ज्या रीतीनं कळलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझा भाऊ वसंता माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याचे दोन जिगरी दोस्त, पुंडलिक आणि गजानन. पुंडलिक जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी उचलायचा, अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. गजानन टेलर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याच्या बापाची शिलाई मशीन होती, बाप गेल्यावर ती त्याच्याकडे आली. सावळा, बारीक, बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बघायचा. सगळे त्याला गजा म्हणायचे, मी गजाभाऊ. तिघं रोज आमच्या सपरीत. खेळायला चौथा हात लागतो म्हणून मला बसवायचे. वसंताच्या सोंगट्या म्हणजे चार सरक्या, पुंडलिकाच्या पळसाच्या काड्या, माझ्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे, आणि गजाभाऊची चार शर्टाची बटणं. चिंचोके घासून तयार ठेवायचं काम माझं. घरातली पोरगी म्हटल्यावर असली कामं आपोआप अंगावर येतात.

आता गोटमारीबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते पटत नाही. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. आमच्या लोकांनी जाऊन तो तोडून आणायचा आणि देवीला वाहायचा, सावरगावच्या लोकांनी येऊ द्यायचं नाही. आणि हे सगळं दोन्हीकडून गोटे मारत. दिवसभर डोकी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी हेच लोक एकमेकांच्या घरी चहा पितात. सौंसरला सासरी आले तेव्हा शेजारणी मला विचारायच्या, "काऊन वो, तुमच्या गावचे लोक पागल हायत का?" मी चिडायचे. आमच्यात याला मारामारी म्हणत नाहीत, खेळणं म्हणतात. "यंदा खेळतो का?" असंच विचारतात.

या खेळात सगळ्यात वाईट जागा कुऱ्हाडवाल्याची. बाकीचे गोटे मारू शकतात, चुकवू शकतात. कुऱ्हाडवाल्याचे दोन्ही हात झाडात गुंतलेले, पाठ आमच्याकडे आणि तोंड सावरगावकडे. आणि म्हणूनच प्रत्येक पोराला कुऱ्हाड हवी असायची, निदान तसं म्हणावं तरी लागायचं. आमच्या या तिघांनी त्यासाठी स्वतःची रीत काढली होती. पोळ्याच्या संध्याकाळी सपरीत डाव मांडायचा. ज्याच्या चारही सोंगट्या पहिल्यांदा मध्यात जातील, त्याची कुऱ्हाड. मी जिंकले तर तो हात धरायचा नाही. आधीच्या वर्षी पुंडलिक जिंकला होता, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि तो खांदा वर्षभर तो मेडलसारखा मिरवत होता. या वर्षी वसंतानं पोळ्याच्या पंधरा दिवस आधीपासून डरकाळ्या फोडायला सुरुवात केली. "यंदा झेंडा मीच आणतो. पाहून घेजो तुमी."

माझी माय सावरगावची. माहेर नदीपलीकडे, सासर अलीकडे. तिचा सख्खा भाऊ, आमचा मामा, शेतात पाखरं हुसकायला बसला की त्याच्या गोफणीचा गोटा ज्या कणसावर म्हणेल त्या कणसावर लागायचा. गोटमारीच्या दिवशी तो पहिल्या ओळीत. लहानपणी त्याच मामानं मला ती गोफण फिरवून दाखवली होती, तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. त्या वर्षी मात्र त्या गोफणीचा सूं सूं आवाज माझ्या कानातून जाईना. वसंता रोज संध्याकाळी नदीवरून पोत्यात गोटे भरून आणायचा आणि आंगणात ढिगावर एकेक टाकायचा. खट्ट. खट्ट. मी आत भाकरी थापत असायचे आणि प्रत्येक खट्ट माझ्या पोटात पडायचा. असं भेव मला आधी कधी लागलं नव्हतं. सापाचं भेव साप गेला की जातं. हे जातच नव्हतं, जेवताना पण बाजूला बसलेलं असायचं. बाबांकडून आशा नव्हती. त्यांच्या स्वतःच्या डाव्या भुवईवर खाच होती आणि दाढी करताना ते त्या खाचेवरून मोठ्या प्रेमानं बोट फिरवायचे. "मी खेळलो, तो खेळन," एवढंच ते म्हणाले.

आणि माय! खांदमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावायचं सोडून ती डबा घेऊन नदी ओलांडून भावाकडे गेली. दुपारी परत आली ती इतकी निवांत, की गाणं गुणगुणत डाळ निवडायला बसली. मला तिचा असा राग आला! म्हटलं, हिला काय वाटतं की नाही? पोरगा उद्या-परवा मरायला जाऊन राहिला आणि हिचं पुरणाचं चाललं आहे. मी तिला काहीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसले आणि दोन चिंचोके घासायला घेतले. आधी एका बाजूनं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं. बोटांची टोकं सोलून निघाली, पण दोन्ही अंगांनी ते पांढरे होईपर्यंत मी थांबले नाही. चारांतले दोन चिंचोके असे असले, की दान दोनच्या खाली येऊच शकत नाही. वसंताची शेवटची सोंगटी दारात आली, की 'एक' त्याला पडणारच नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो अडकला की कुऱ्हाड दुसऱ्याकडे जाईल, हे पुढचं साधं गणित मी केलंच नाही. खोटं कशाला बोलू? केलं होतं. पण 'दुसरा' म्हणजे माझ्या मनात पुंडलिक होता, त्याचं हाड मोडलं तरी त्याला मजा वाटते म्हणून.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल सजून गल्लीतून गेले, मायनं त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी भरवली. आमची जेवणं झाली. कढी, वडे, पुरणपोळीवर तुपाची धार. मी माझी पोळी वसंताच्या ताटात सरकवली. सगळे सपरीत बसत होते तोच लाईट गेली. एरवी मी लाईटवाल्यांना शिव्या घातल्या असत्या, त्या दिवशी म्हटलं, देवच पावला. मायनं कंदील आणून खुंटीला लावला. दोन्हीकडून पांढरे ते दोन चिंचोके माझ्या डाव्या मुठीत होते.

डाव सुरू झाला. पुंडलिकाच्या सोंगट्या एकामागून एक मारल्या जाऊ लागल्या, तो तळहातानं फरशी बडवून ओरडायचा, "अरे बाप्पा, माह्यावरच काऊन टपले बे सगळे!" थोड्याच वेळात तो इतका मागे पडला की मांडीवर घेतलेल्या भज्यांकडेच त्याचं लक्ष राहिलं. आता कुऱ्हाड एक तर वसंताची, नाही तर गजाभाऊची. मी पहिल्यांदाच गजाभाऊकडे नीट पाहिलं. तो हसत होता, पण चिंचोके अशी धरसोड करत टाकायचा की एकदा ते फरशीच्या बाहेर उडाले. त्याला चांगलं दान पडलं की वसंता "वा रे शेरा!" म्हणून पाठीवर थाप मारायचा आणि गजाभाऊचा चेहरा उतरायचा. तो जिंकायला घाबरत होता. आमच्या चौघांत हे फक्त मला दिसत होतं, कारण घाबरणारी मी एकटीच दुसरी होते.

शेवटी वसंताची एकच सरकी उरली, मधल्या फुलीच्या अगदी दाराशी. त्याला एक हवा होता. गजाभाऊचं एकच बटण उरलं होतं, मधल्या फुलीपासून तीन घरं मागे; त्याला तीन हवे होते. माझी पाळी होती. मी चिंचोके उचलले, टाकायच्या आधी पदर सावरल्यासारखं केलं आणि दोन चिंचोके बदलले. टाकले. तीन पडले, माझ्या बांगडीचा तुकडा कुठे गेला ते मला आठवत नाही. मग वसंतानं टाकले. दोन. त्यानं कपाळावर हात मारला. "एक! फक्त एक पाहिजे होता ना, साला!" पुंडलिकानं तोंडात भजं ठेवून टाकले. मग गजाभाऊची पाळी. त्यानं चिंचोके उचलले आणि मुठीत खुळखुळवले नाहीत. क्षणभर बोटांनी नुसते चाचपले. मला वाटलं, संपलं, याला कळलं. त्यानं एकदा वर पाहिलं, कॉलरकडे नाही, सरळ माझ्या तोंडाकडे. आणि टाकले.

तीन.

पुढे वर्गात फळ्यावर पोरांना समजावताना मी ते गणित शंभर वेळा मनात केलं आहे. साध्या चिंचोक्यांनी तीन चारदा टाकल्यावर एकदा पडतो. माझ्या चिंचोक्यांनी दोनदा टाकल्यावर एकदा. म्हणजे मी वसंताचं दार नुसतं बंद केलं नव्हतं, गजाभाऊला ढकलत नेलं होतं.

पुंडलिकानं त्याला खांद्यावर उचललं. वसंता एक मिनिट रुसला, मग त्यानंच आतून कुऱ्हाड आणली, मायनं तिला हळद-कुंकू लावलं. गजाभाऊ ती हातात घेऊन म्हणाला, "ज्याचं दान त्याची कुऱ्हाड." आवाज अगदी बरोबर काढला होता त्यानं. जाताना त्यानं फरशीवरचे चिंचोके गोळा केले, आणि मला द्यायचे सोडून शर्टाच्या खिशात टाकले. मला वाटलं सवयीनं टाकले असतील. दोन खरे चिंचोके माझ्या मुठीत उरले. ते मी चुलीत फेकले.

सकाळी मायनं वसंताला पेटीतून लाल शर्ट काढून दिला. गजाभाऊनंच शिवलेला. "लालच घाल," ती म्हणाली. त्याला पांढरा घालायचा होता, तर ती हटूनच बसली. मला त्या हट्टाचं काही वाटलं नाही, माझं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे होतं. मी ठरवलं होतं, जाऊन सांगायचं. शिव्या बसल्या तर बसू दे, वसंतानं थोबाडीत दिली तर देऊ दे. डाव खोटा होता, पुन्हा मांडा, नाही तर आपली कुऱ्हाड पुंडलिकाला द्या. एवढंच सांगायचं होतं, चार वाक्यं. मी चप्पलसुद्धा न घालता गेले.

गजाभाऊ मशीनवर बसला होता. मशीन चालू नव्हती. कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली. त्याच्या पांढऱ्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं, त्या जागी रात्री सोंगटी म्हणून खेळलेलं बटण तो लावत होता. म्हणजे लावायचा प्रयत्न करत होता. एका हातात सुई, एका हातात दोरा. दोरा सुईच्या बाजूनं जायचा, पुन्हा थुंकी लावायचा, पुन्हा बाजूनं जायचा. पांढुर्ण्यातला एक नंबरचा टेलर!

"शके," तो मान वर न करता म्हणाला, "सुई ओवून देतं का? आज काही जमून नाही राहिलं."

मी सुई घेतली. पहिल्या झटक्यात ओवली, त्याला दिली. तो म्हणाला, "बरं झालं आली." मी म्हणाले, "गजाभाऊ." तो थांबला. त्यानं वाट पाहिली, मला अजून वाटतं की त्यानं वाट पाहिली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. आणि मग मला डोळ्यांपुढे वसंता दिसला, लाल शर्टात, झाडाला दोन्ही हात घालून उभा. मी म्हणाले, "सांभाळून जाजो." आणि पळाले.

त्या दिवशी आम्ही बायका घरात बसून फक्त ऐकतो. गोटमार आम्ही कानांनी पाहतो. सकाळपासून लांब समुद्रासारखा एकच आवाज, मध्येच चढायचा, मध्येच पडायचा. चढला की मी दारापर्यंत जाऊन परत यायचे. माय मात्र सकाळच्या पोळ्या तव्यावर गरम करत होती, मला म्हणाली, "खाऊन घे ना वो पोरी, काऊन अशी करून राहिली?" मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले आठवत नाही. दुपार कलली आणि तो आवाज एकदम इतका वर गेला की छपराच्या कवेलूखालची चिमणी उडाली. मग थांबला. मग गल्लीत धावणाऱ्या पावलांचा आवाज.

बाज घेऊन चौघं धावत होते. पुढे वसंता, लाल शर्टात, धडधाकट. ओरबाडलासुद्धा नव्हता. मी देवाचे आभार मानले. लाज वाटते, पण पहिल्यांदा मी तेच केलं. मग बाजेवर पाहिलं. पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता, पण बटण ओळखू आलं, दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. मी ओवून दिला तो दोरा. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल डाव्या बाजूनं भिजत चालला होता आणि गजाभाऊ एकसारखा विचारत होता, "दिवे लागले का बे? अंधार काऊन झाला?" उन्ह लख्ख होतं. त्याला जीपमध्ये घालून नागपूरला नेलं. झेंडा त्या वर्षी कुणी आणला, मला सांगता येणार नाही.

डावा डोळा गेला. उजवा वाचला, तोही अर्धाच.

दोन दिवसांनी मामा आला. दारातच उकिडवा बसला, पाणीसुद्धा घेईना. मायला म्हणाला, "बाई, तुले शब्द देला होता तो पाळला मी. लाल शर्टातला कुऱ्हाडवाला दिसला का गोफण खाली, असं माह्या सगळ्या पोट्ट्याईले सांगून ठेवलं होतं. आमची ओळच्या ओळ थांबली असती. पण लाल शर्ट मांगं होता वो. कुऱ्हाड पांढऱ्याच्या हातात. मंग आमी काऊन थांबू? गोटा कोणाचा लागला, माहा का दुसऱ्याचा, देवाले माहीत." मायनं त्याच्यापुढचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. खांदमळणीच्या दिवशी ती डबा घेऊन कशाला गेली होती, ते मला तेव्हा कळलं. सावरगावच्या सगळ्या हजार हातांना एकटा मामा काय थोपवणार होता, हे मी आता स्वतःला समजावते. पण त्या दिवशी मला एवढंच समजलं, की वसंता त्या नदीत सगळ्यात जास्त राखलेला माणूस होता. आणि मी त्याची जागा ज्याला दिली, त्याला राखणारं कुणीच नव्हतं.

गजाभाऊ नागपूरहून आल्यावर मी मायबरोबर डबा घेऊन त्याच्याकडे गेले. माय त्याच्या आईजवळ आत बसली. तो बाहेर खाटेवर, अर्ध्या तोंडाला पट्टी. मी डबा ठेवला आणि निघाले. तो हळूच म्हणाला, "शके, चिंचोके माह्याजवळच हाय." मी निघता निघता थांबले. "दोन्हीकडून घासला का चिंचोका गुळगुळीत लागते," तो म्हणाला. "टेलरच्या बोटाले समजते ते."

"मंग टाकले काऊन?" मी आतल्या दाराकडे पाहत हळूच विचारलं. "सांगून द्यायचं होतं ना सगळ्याईले."

"सांगितलं असतं त सगळे म्हणले असते, गजा भेला, म्हणून भानगड काढून राहिला." त्यानं तोंडावरची पट्टी सारखी केली. "घाबरू नको. मी कोणाले सांगत नाही."

घाबरू नको म्हणाला, आणि त्यानंतर जे भेव लागलं ते पन्नास वर्षं गेलं नाही. गल्लीत कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, सांगितलं यानं. लग्न होऊन सौंसरला आले, संत्र्याच्या बागांमधून बसनं माहेरी जाताना मोहगाव गेलं की उतरून परत फिरावंसं वाटायचं. त्यानं कधीच सांगितलं नाही. एका डोळ्यानं शिवणं चालू ठेवलं. कटिंग करायचा, मशीन चालवायचा, फक्त सुईत दोरा जायचा नाही. मी माहेरी गेले की त्याच्या दुकानात बसून पंधरा-वीस सुया ओवून कापडावर ओळीनं टोचून ठेवायचे. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंचा किती जीव आहे गजाभाऊवर! आणि वसंता, आता सत्तरीला टेकला, दर पोळ्याला त्याच दुकानातल्या बाकड्यावर बसून तेच बोलतो. "एक पडला असता ना गज्या, त झेंडा माह्या हातात असता. फक्त एक!" गजाभाऊ दरवेळी कैची न थांबवता म्हणतो, "पडला नाही ना बे." आणि त्याचा तो एक डोळा माझ्याकडे वळतो.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा आधी त्याच्याकडे गेले. म्हटलं, गजाभाऊ, वसंता हे वाचणार. लिहू का? तो म्हणाला, "लिहून आण. मले वाचून दाखवजो, मंग सांगतो." परवा गेले, दुकानाचं अर्धं शटर ओढून वाचून दाखवलं. चिंचोके घासले तिथे तो हसला. मामाचं ऐकून त्यानं मान हलवली, त्याला ते ठाऊक नव्हतं. वाचून संपल्यावर त्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"त्या सकाळी तू सांगाले आली होती ना?"

"हो."

"मले वाटलंच होतं. मी वाट पाहून राहिलो होतो." त्यानं नाक शिंकरलं. "डावाचं जाऊ दे, तू पोट्टी होती. पण तेवढं सांगाले पाहिजे होतं, शके."

त्यानं कापडावरची सुई काढली, दोऱ्याचं रीळ पुढे केलं. मी दोऱ्याला थुंकी लावली. तो सुईच्या बाजूनं गेला. पुन्हा लावली, पुन्हा बाजूनं गेला. गजाभाऊ थांबून राहिला, आणि मी ओवत राहिले.